घासाला मत नसतं

"शुक्रवारी साहेब येतील, आपली पचनसंस्था बघतील आणि ती त्यांच्या अशी काही पचनी पडेल की बोलायची सोय नाही!" शिट्टीने बाकावर उभं राहून जाहीर केलं. "नाही पडली तर नाव बदलेन!"

नाव बदलण्यात तिचं काही जात नव्हतं. शिट्टी हे नाव वर्गाने ठेवलेलं. आठवीत तिच्या दातांना तार होती आणि 'स' उच्चारला की बारीक शिट्टी वाजायची. म्हणून ती 'स' असलेले शब्द टाळायची. सर, सूर्य, समीकरण, सॉरी, सगळे बंद! अख्खं वर्ष तिने चित्रकलेच्या खोलीत काढलं, कारण चित्रकलेच्या बाई एकदाच म्हणाल्या होत्या, "बोलायचं नसेल तर रंगव." नववी सुरू व्हायच्या आठ दिवस आधी तार निघाली आणि तिच्याबरोबर तोंडाचा लगामही निघाला.

तर झालं होतं असं. वरून पत्र आलं होतं. यापुढे प्रत्येक विषय कलेच्या माध्यमातून शिकवायचा, गणित असो की विज्ञान. शुक्रवारी एक साहेब येऊन ते तपासणार होते. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पत्र तीनदा वाचलं आणि चौथ्यांदा वाचताना त्यांना एक युक्ती सुचली.

"कला जर सगळ्या विषयांत असणार," त्या चित्रकलेच्या बाईंना म्हणाल्या, "तर कलेला वेगळी खोली कशाला? साहेबांनी तसा शेरा मारला की आपण तिथे मोडकी बाकं ठेवू. कधीची व्हरांड्यात पडलीत बिचारी."

 बाई धुतलेले ब्रश पुन्हा धुवायला लागल्या. हे शिट्टीने दारातून पाहिलं आणि तिच्या डोक्यात पचनसंस्था शिरली.

योजना साधी होती. चित्रकलेची खोली म्हणजेच माणसाचं पोट! दाराभोवती लालभडक ओठ रंगवायचे. आत अंधार. उशा घेतलेले दात बत्तीसचा पाढा म्हणत घास चावणार, म्हणजे गणित आलं. जठर ठेक्यात डबे बडवणार, म्हणजे संगीत. आम्ल स्वतःची कविता म्हणणार, म्हणजे भाषा. पित्त हिरवा रंग लावणार. तिथून घास कापडी आतड्यांत शिरणार आणि मागच्या दाराने व्हरांड्यात, विज्ञानाच्या सरांच्या पायाशी बाहेर पडणार. घास होती काडी, शिट्टीची मैत्रीण, पिवळ्या रेनकोटात. काडी इतकी बारीक होती की ती कडेने उभी राहिली तर हजेरीत गैरहजर लागायची.

आतडी शिवायला शिट्टीची मावशी होतीच. मावशीचं शिवणकामाचं दुकान होतं आणि जगातली कुठलीही गोष्ट तिला मापात बसवता यायची. शाळेच्या सभागृहाचे जुने पडदे आणि चिठ्ठी शिट्टीने तिच्याकडे पोचवली. चिठ्ठीत लिहिलं होतं: लहान आतडं सहा मीटर, मोठं आतडं दीड मीटर.

मावशीने चिठ्ठी वाचली आणि ती हसली. "बघ कशी घाईघाईत लिहिते कार्टी! लहान सहा मीटर आणि मोठं दीड? डोकं ठिकाणावर आहे का हिचं?" आणि तिने भाचीची चूक प्रेमाने सुधारली. लहान आतडं शिवलं दीड मीटर आणि अगदी निमुळतं. मोठं शिवलं सहा मीटर, चांगलं ऐसपैस. वर लहान आतड्याच्या टोकाला दुहेरी शिलाईचं इलॅस्टिक घातलं, फुकट. मावशीच्या मते ज्याला तोंड आहे त्याला इलॅस्टिक हवंच.

शुक्रवारी सकाळी आतडी उलगडली तेव्हा विज्ञानाचे सर मटकन खाली बसले.

"शास्त्रीयदृष्ट्या हे भयंकर आहे!"

"सर, काळजी करू नका," शिट्टी म्हणाली. "आपण फक्त पाट्या बदलू. सहा मीटरवाल्याला लहान म्हणू आणि दीड मीटरवाल्याला मोठं. लांबी बरोबर!"

"आणि रुंदी?"

"काडी जाते ना त्यातून!"

काडी गेली. प्रश्न निराळाच होता. तालमीत काडीला गुदगुल्या व्हायच्या. "थांबा, थांबा!" ओरडली की दात थांबायचे, जठर थांबायचं, सगळा अंधार खिदळायला लागायचा. शेवटी शिट्टीने कंबरेवर हात ठेवून सगळ्या अवयवांना ताकीद दिली.

"घास ओरडला तरी थांबायचं नाही. घास रडला तरी थांबायचं नाही. घासाला मत नसतं!"

अवयवांनी माना डोलावल्या. मग तिने दारावर शेवटची पाटी लावली. पाटी मोठी, अक्षरं सुबक: मुख, प्रवेश.

अकराला शाळेच्या पुढच्या फाटकाशी मोठ्या बाई, चित्रकलेच्या बाई आणि शिट्टी उभ्या राहिल्या. शिट्टीचं स्वागताचं भाषण चार पानी होतं. त्यात 'स' एकशे बारा वेळा होता. मुद्दाम!

सव्वाअकराला साहेबांऐवजी काडी धावत आली, पिवळ्या रेनकोटात.

"अगं ए, मला न बोलावताच आत सुरू केलंत होय?"

"काय सुरू केलं?"

"काय म्हणजे? पाढा चाललाय, डबे वाजतायत! माझ्या जागी दुसरं कुणी घेतलंस तर तोंडावर सांगायचं ना!"

"मी कुणालाच घेतलं नाही. तू जर इथे आहेस, तर मग आत कोण आहे?"

तेवढ्यात बाजूच्या गल्लीतून एक ड्रायव्हर आला. हातात चष्म्याचं घर.

"साहेब पोचले ना? बाजूच्या फाटकाने गेले मघाशी. चष्मा गाडीतच विसरले. त्यांना चष्म्याशिवाय काही म्हणजे काही वाचता येत नाही हो. पण म्हणाले, 'मुख्य प्रवेश' लिहिलेलं दिसतंय, जातो मी."

 मैदानापलीकडून, त्या बंद खोलीतून, जठराचे डबे अगदी ठेक्यात ऐकू येत होते.

आत काय झालं ते नंतर दात, जठर आणि पित्त यांनी वेगवेगळं सांगितलं. त्यातून जुळतं ते एवढं. साहेब आत आले आणि म्हणाले, "अहो, दिवा कुठे आहे?"

"बत्तीस एके बत्तीस!" दोन बाजूंनी दोन उशा.

"अरे, मी कोण आहे माहीत आहे का?"

"बत्तीस दुणे चौसष्ट!"

"मला मोठ्या बाईंना भेटायचंय!"

"बत्तीस त्रिक शहाण्णव!"

पाढा पुरा झाल्यावर दातांनी घास गिळला, म्हणजे जठरात ढकलला. तिथे आम्लाने आपली कविता सुरू केली:

"आम्ल मी, आम्ल मी, करते घासाचं पाणी!
कितीही मोठा असलास तरी ऐकत नाही गाऱ्हाणी!"

घासाचा आवाज आज जाड येतोय, असं आम्लाला वाटलं होतं. पण तिला वाटलं, काडीने अभिनयात जीव ओतलाय. पित्ताने तर चांगली अर्धी बाटली हिरवा रंग ओतला. "नेहमीपेक्षा जास्त जागा होती," पित्त म्हणालं.

शिट्टी मैदानातून अशी पळाली की तिच्या भाषणाची पानं मागे उडत होती. ती व्हरांड्यात पोचली तेव्हा सातवीचा वर्ग वह्या उघडून जमिनीवर बसला होता. कोपऱ्यात स्टुलावर मावशी होती, आपली शिलाई बघायला आलेली. आणि विज्ञानाचे सर, आतड्याकडे पाठ करून, हातात छडी घेऊन सांगत होते:

"लिहून घ्या. आता या टोकातून बाहेर येतो तो, शास्त्रीयदृष्ट्या, शरीराच्या कामी न आलेला भाग."

आणि साहेबांचं डोकं बाहेर आलं.

डोकं आलं, गळा आला, आणि खांद्यांपाशी इलॅस्टिकने घट्ट धरलं. अर्धा चेहरा हिरवा, केस ओले. सातवीच्या मुलांनी लिहून घेतलं.

"मी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"मोठ्या आतड्यात, साहेब," शिट्टी म्हणाली.

"शाळेच्या?"

"हो साहेब."

सर मागे वळले. छडी गळून पडली.

"साहेब, तुम्ही मागे सरका हळूहळू," सर म्हणाले आणि लगेच कपाळाला हात लावला. "नको, नको! शास्त्रीयदृष्ट्या ती उलटी होईल."

"काय व्हायची ती होऊ द्या, पण मला बाहेर काढा!"

"कात्री दे, मावशी!" शिट्टी ओरडली.

"अगं, दुहेरी शिलाई आहे ती!"

"मावशी, दे!"

"देते गं बाई. पण ऐकून घ्या साहेब, मी लहान ते लहान आणि मोठं ते मोठं बरोबर शिवलं होतं. पाट्या यांनी बदलल्या!" मावशी म्हणाली आणि कात्री दिली.

इलॅस्टिक तुटलं तेव्हा टप्प असा आवाज झाला आणि साहेब सरांच्या पायाशी पडले. अगदी योजनेत ठरलं होतं त्याच जागी.

मोठ्या बाईंच्या खोलीत साहेब टॉवेल गळ्यात घालून बसले. चष्मा आला होता. त्यातून ते शेऱ्याच्या वहीचं कोरं पान बघत होते. चित्रकलेच्या बाई दाराशी उभ्या होत्या, दोन्ही हात पाठीमागे. शिट्टीला माहीत होतं, त्या हातांत ब्रश आहे.

चार पानी भाषण आता मैदानात होतं. शिट्टीने तोंड उघडलं.

"सॉरी, साहेब."

आणि शिट्टी वाजली! तार नव्हती, काही नव्हतं, तरी दोन्ही 'स' खणखणीत वाजले. तिचे कान लाल झाले. पण आता थांबण्यात अर्थ नव्हता.

"सगळं मीच सांगितलं होतं, साहेब. घास ओरडला तरी थांबायचं नाही असं. बाईंचा दोष नाही. ती खोली घेऊ नका. तिथे बोलता न येणारी मुलंही बसू शकतात."

साहेबांनी टॉवेलच्या टोकाने कानातला हिरवा रंग पुसला.

"मला जठरात किती वेळ ठेवलं होतं?"

"पाच मिनिटं, साहेब."

"खरं तर चार तास ठेवायला हवं होतं," सर म्हणाले. "शास्त्रीयदृष्ट्या."

साहेबांनी सरांकडे पाहिलं. मग पेन उघडलं. लिहिता लिहिता ते पुटपुटत होते आणि कान देऊन ऐकलं तर कळत होतं, ते बत्तीसचा पाढा म्हणतायत. तीनशे वीसपर्यंत. न चुकता!

सोमवारी शेऱ्याची प्रत हाती आली. मोडकी बाकं व्हरांड्यातच राहिली. शिट्टीने बाकावर उभं राहून सगळ्या वर्गाला शेरा वाचून दाखवला: "या शाळेस चित्रकलेची स्वतंत्र खोली अत्यंत आवश्यक आहे."

टाळ्या! मावशीने शेरा मढवायला चौकट आणली. चित्रकलेच्या बाईंनी चौकटीच्या खालच्या पट्टीवर जाडजूड वेलबुट्टी काढली आणि शेरा खोलीच्या दारावर लागला.

शेऱ्यात खाली आणखी एक वाक्य आहे. ते वेलबुट्टीच्या बरोबर मागे येतं. शिट्टीनेही ते वर्गात वाचलं नव्हतं. आता विषय निघालाच आहे म्हणून सांगून टाकते: "जेणेकरून हा प्रकार शाळेच्या इतर भागांत पसरणार नाही."