मल्लाप्पांचं मनगट

या मंडळी, चपला बाहेर काढून असे पुढं सरका. मागं बसणाऱ्याला गोष्ट निम्मीच पोचते. आज तुम्हाला आपल्या वडगावच्या करिष्माची झोप कशी गेली ते सांगतो.

करिष्मा दहावीत. सकाळी साडेसातपर्यंत झोप आणि मग पडल्या पडल्या मोबाइल, एवढीच तिची कसरत. शाळेत व्यायामाच्या साईनाथ सरांनी प्रत्येकाच्या मनगटावर पावलं आणि नाडी मोजणारं घड्याळ बांधलं. आकडे थेट सरांच्या मोबाइलवर. रोज आठ हजार पावलं भरली नाहीत, तर पहाटे साडेपाचला मैदानावर हजर व्हायचं.

"हृदय ह्याच वयात कमवायचं असतंय," सर म्हणाले. करिष्माला फक्त 'साडेपाच' ऐकू आलं.

पहिल्या दिवशी अकराशे भरली. दुसऱ्या दिवशी रविवार, मैदानाला सुट्टी. तिने घड्याळ घरच्या यंत्रमागाच्या पुढंमागं हलणाऱ्या फळीला बांधलं आणि पांघरूण ओढलं. दुपारी सरांचा फोन.

"करिष्मा, एक्केचाळीस हजार पावलं झाली. नाडी मात्र शून्य. आहेस न्हवं?"

"आहे की सर. पट्टा सैल झालता."

नाडी पाहिजे म्हटल्यावर तिची नजर आजोबांवर गेली. मल्लाप्पा रोज संध्याकाळी विठोबाच्या देवळात टाळ घेऊन कीर्तनात उभे राहत, दोन तास पावली खेळत.

"आज्जा, देवळात जाताना हे घाला. वेळ कळतंय."

"लई मायेची पोरगी," म्हणत त्या भोळ्या जिवाने गल्लीभर मनगट दाखवलं.

मग काय, पावलं अकरा हजारांच्या खाली येईनात. नाडी चढायची आणि टाळ थांबला की लगेच शांत व्हायची. पंधरा दिवसांनी सरांनी प्रार्थनेला करिष्माला पुढं बोलावलं. "असलं हृदय मी बघितलं न्हाय," म्हणाले आणि चिकोडीच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीत तिचं नाव घातलं.

शर्यत बघायला मल्लाप्पा टोपी घालून आले. तीनशे मीटरवर करिष्मा लिंबाखाली बसली ती बसलीच. आज घड्याळ तिच्याच मनगटावर; सरांच्या मोबाइलवर नाडी एकशे नव्वद, खाली यायचं नाव नाही. सर डॉक्टरीणबाईंना घेऊन धावले.

बाईंनी तपासलं. "हृदय चांगलं आहे. त्याला कधी कामाला लावलेलं न्हाय, एवढंच."

"एका सकाळीत असं कसं व्हईल, बाई?" सर म्हणाले. "काल संध्याकाळी एक नंबर होतं."

मल्लाप्पांना घड्याळाचीच काळजी. "ओ सर, माझ्या हातात रोज बरं चालायचं की. आजच बिघडलं काय?"

करिष्माने डोळे मिटून घेतले. सरांची नजर म्हाताऱ्याच्या मनगटावर गेली.

"आज्जा, वय किती तुमचं?"

"चैत्रात बाहत्तर लागलं."

"करिष्मा, उद्या साडेपाच," सर एवढंच बोलले.

"साडेपाच?" मल्लाप्पांना नातीची दया आली. "एवढ्या उशिरा कशाला, सर? माझ्याकडं सोपवा. काकडा साडेचारला असतोय."

सरांनी हात जोडले.

तर मंडळी, उद्या पहाटे काकड्याला याल, तेव्हा एक टाळ मागं मागं पडत असेल. हसू नका. देवापुढं हात जोडताना करिष्माची आठवण ठेवा, आणि देवळाकडं येता येता तिच्या दाराची कडी तेवढी वाजवा.