पेपरातल्या माणसांसाठी

पास्कलभाऊ पेपर नुसता वाचत नसत. त्यात ज्यांची नावं आली, त्या सगळ्यांसाठी संध्याकाळी प्रार्थना करत. मंत्र्यानं राजीनामा दिला तर मंत्र्यासाठी. कुठं विमान पडलं तर त्यातल्या माणसांसाठी. इराणात गडबड झाली तर अख्ख्या इराणसाठी. कांद्याचा भाव पडला तर कांद्यासाठी नव्हे, "कांदा लावणाऱ्यासाठी", अशी फोड करून.

परंड्याकडच्या साखर कारखान्यात ते फिटर, आमचे हे बॉयलरवर. चाळीत खोल्या शेजारी, मधली भिंत वर पत्र्याला न टेकलेली. त्यामुळं त्यांच्या घरातलं सगळं आमच्याकडं ऐकू यायचं. ते नगरकडचे, कॅथलिक. आम्ही बौद्ध. चाळीत दोन्ही घरं जरा कडेलाच, म्हणून एकमेकांना जवळची.

दिवा लागला की ते, बायको तेरेजाबाई आणि दोन मुली गुडघे टेकून बसत. आधी माळेची प्रार्थना, मग पेपर. धाकटी फिलू बसायच्या आधीच विचारायची, "पप्पा, आज जगात लई झालंय का?"

"मध्यम झालंय," पास्कलभाऊ म्हणायचे.

एकदा पोरींनी पेपर चुलीत घातला. त्या दिवशी भाऊंनी आठवडाभरातलं आठवेल तेवढं सगळं प्रार्थनेत घेतलं. पोरी पुन्हा त्या वाटेला गेल्या नाहीत.

पेपर एस.टी.नं एक दिवस उशिरा यायचा. एखाद्या आजारी पुढाऱ्यासाठी पलीकडं प्रार्थना चालायची, आणि तो गेल्याचं आम्ही सकाळीच रेडिओवर ऐकलेलं असायचं. आमच्या ह्यांनी हे सांगितलं तर भाऊ म्हणाले, "देवाकडं शिळंताजं नसतंय."

कारखान्याच्या निवडणुकीत त्यांनी दोन्ही पॅनल प्रार्थनेत घेतली. एका पॅनलचा माणूस दारात आला. "भाऊ, आमच्या एकट्याचंच करा की."

"का? देव तुमच्या गटात हाय व्हय?"

रविवारी एक बाटली बिअर. सोलापूरहून ट्रकवाला आणायचा. गार व्हायला ओल्या पोत्यात गुंडाळून ती लिंबाच्या फांदीला टांगायची, मग पेपर उघडायचा. "बातमी कोरडी गिळत न्हाय," म्हणायचे.

तेरेजाबाई म्हणायच्या, "माणसाला प्यायला पानी न्हाय, आन् बाटलीला आंघोळ."

ईस्टरच्या आधी उपवासाच्या दिवसांत ते बिअर सोडायचे. तेव्हा त्या म्हणायच्या, "त्यापरीस पेपर सोडा. पोरींचं गुडघं तरी वाचतील."

दुष्काळात टँकरच्या रांगेतल्या बायकांनी मला धाडलं, पास्कलभाऊंना पावसाचं सांग म्हणून. मला पुरुषमाणसांशी बोलता येत नाही, म्हणून तेरेजाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "रोज घेत्यात की. पर पाऊस शेवटच्या पानावर असतोय. तितवर फिलू घोरती."

त्याच साली तेरेजाबाईंच्या पोटात गाठ निघाली. सोलापूरला ऑपरेशन ठरलं. वाचतीलच, असं डॉक्टरनं सांगितलं नव्हतं. थोरली आईजवळ राहिली, फिलूला मावशीकडं पाठवलं. गाळप चालू असल्यामुळं भाऊंना रजा मिळाली नाही. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सोडतो, असं कारखान्याचे साहेब म्हणाले.

आदल्या संध्याकाळी मी त्यांना भाकरी द्यायला गेले. पेपर घडी न मोडता उंबऱ्यात पडलेला.

"घिऊन जा," ते म्हणाले. "आज जगासाठी सवड न्हाय."

मी घरी येऊन आमच्या भाकऱ्या थापायला बसले. पलीकडं त्यांनी माळ सुरू केली. ही प्रार्थना अशी, की अर्धी एकानं म्हणायची आणि उरलेली बाकीच्यांनी. त्यांनी आपली अर्धी म्हटली आणि सवयीनं थांबले. कुणी काही बोललं नाही. जरा वेळानं त्यांनी तीच अर्धी पुन्हा म्हटली, आणि पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा आवाज निम्म्यातच बसला.

उरलेली अर्धी मला ऐकून ऐकून पाठ होती. मी पिठाचे हात तसेच मांडीवर ठेवले आणि भिंतीकडं तोंड करून ती म्हटली. हळूच, पण ऐकू जाईल अशी.

 मग पलीकडं पुढचा मणी सुरू झाला.

सकाळी ते सोलापूरला जायला निघाले तेव्हा मी नळावर होते. भाऊ खाली बघत पुढं गेले. दोन दिवसांनी कामावर परत आले. संध्याकाळी पलीकडं सतरंजी ओढल्याचा आवाज आला. ती त्यांनी मधल्या भिंतीला लागून टाकली होती.

तेरेजाबाई घरी येईपर्यंत आमचं रोज असंच चाललं.