बारांकियातलं थंड हवेचं ठिकाण

बाहेर छत्तीस अंशांत बारांकिया शहर शिजत होतं, आणि वर्गात एदेलमिरा ओस्पिनो स्वेटरची बटणं लावून फळ्यावर लिहीत होती: 'वाऱ्याने गार राहणारी घरं'. कमी वीज खाणाऱ्या, कमी धूर ओकणाऱ्या इमारती कशा बांधायच्या, हे ती भावी वास्तुरचनाकारांना आणि इंजिनियरांना सात वर्षं शिकवत होती. सातही वर्षं हंगामी. आज राजधानी बोगोताहून आलेले तीन तपासनीस तिचा तास पाहणार होते. त्यांनी बरं म्हटलं तरच नोकरी कायम होणार होती.

विभागप्रमुख डॉन रोहेल्यो म्हणजे दूरदृष्टीचे गृहस्थ. राजधानीची माणसं थंडीतली, त्यांना इथे घाम फुटला तर अब्रू जायची, म्हणून त्यांनी एसी सोळावर ठेवला. गारवा निसटू नये म्हणून खिडक्या स्क्रू मारून बंद केल्या. पोरं रिमोटशी खेळतात म्हणून तो कपाटात कोंडला आणि किल्ली शिपाई एबारिस्तोकडे दिली. एबारिस्तो किल्लीसकट नदीकाठी तळलेले मासे खायला गेला. आता माणसाने जेवूही नये की काय?

पाहुणे आले ते अर्ध्या बाह्यांत. बोगोताच्या गारठ्याला विटलेली माणसं ती, दोन दिवस ऊब मिळेल म्हणून कोट घरी टाकून आलेली. दहा मिनिटांत त्यांच्यातल्या थोरल्या बाईंचे दात वाजायला लागले. पोरांनी आपापले स्वेटर काढून दिले. या गावात छत्री विसरली तरी चालते, वर्गात स्वेटर विसरून चालत नाही.

"प्रोफेसर, ह्या खोलीला खिडक्या कशासाठी ठेवल्यात?" गुलाबी स्वेटरातून तपासनीस बाईंनी विचारलं.

एदेलमिराने डॉन रोहेल्योंकडे पाहिलं. ते छत न्याहाळत होते. गेली नोकरी, ती मनात म्हणाली. आणि जायचीच असेल, तर कुडकुडत कशाला घालवायची?

"शोभेसाठी, बाई. याहाइरा, तुझा पेचकस आण गं."

"कधीचा हातात धरून बसलेय, प्रोफे," मागच्या बाकावरून याहाइरा उठली.

स्क्रू निघाले, चार खिडक्या उघडल्या. नदीवरचा वारा आत घुसला, कागद उडाले, तपासनीसांच्या चेहऱ्यांवर पुन्हा रंग आला. 'प्रात्यक्षिकासह इतका उत्तम तास आम्ही पाहिलेला नाही,' असं त्यांनी अहवालात लिहिलं. श्रेय अर्थातच विभागप्रमुखांच्या नियोजनाला.

महिन्याभराने कायम झाल्याचं पत्र हातात पडलं तेव्हा एदेलमिराला रडूच फुटलं. डोळे पुसून तिने पत्राच्या तळाशी पाहिलं, तर डॉन रोहेल्योंनी स्वतःच्या हाताने दोन ओळी जोडल्या होत्या. खिडक्या उघड्या राहत असल्यामुळे तुमचा वर्ग हवा तसा गार होत नाही, हे आमच्या लक्षात आलं आहे. सोमवारी दुसरा एसी बसेल.