फूल न आल्याबाबत

त्या काळी व्हिएन्नात गांजाचे रोप फूल येईपर्यंत शोभेचे समजले जाई आणि फूल आले की गुन्ह्यात जमा होई. त्यामुळे फावोरिटन भागातल्या टोबियास पोस्पिशिलच्या दुकानात मुळे फुटलेले वीतभर शेंडे राजरोस विकले जात. प्रत्येक गिऱ्हाईक जाताना एका छापील कागदावर सही करी : ‘सदर रोप मी केवळ शोभेसाठी घेत असून त्यास फूल येऊ देणार नाही.’ अकरा वर्षांत हा कागद कोणी वाचलेला नव्हता.

वाल्बुर्गा झावादिल या अडुसष्ट वर्षांच्या बाईंनी तो वाचला. त्या आल्या होत्या जिरेनियमसाठी माती न्यायला, पण त्या सात बोटांच्या पानावर भाळल्या. जमीन नोंदणी कचेरीत छत्तीस वर्षे नकला तपासलेल्या. न वाचता सही करायला त्यांचा हातच उठत नसे.

“फूल येऊ द्यायचं नाही म्हणजे नेमकं काय करायचं?” त्यांनी विचारले.

बाई सरकारी असाव्यात, असे पोस्पिशिलला वाटले. त्याने एकदा दाराकडे पाहून घेतले.

“दिवस लहान झाला की याला फूल येतं, बाई. रोज अठरा तास उजेड दिला तर येत नाही. पण तसं कोणी करत नाही.”

“मग सही कशाला करतात?”

“सहीशिवाय मी रोप देत नाही म्हणून.”

बाईंनी सही केली आणि वाटेत दिवाही विकत घेतला. सकाळी सहाला लागायचा, रात्री बाराला विझायचा.

फूल न येणाऱ्या रोपाला थांबायचे कधी हे कळत नाही. ते छताला टेकले, तेव्हा बाईंनी शेंडे छाटले. आणि हिरवागार शेंडा कचऱ्यात टाकायचे मन होईना, म्हणून पेरावरच्या डोळ्याखाली तिरपा काप घेऊन पाण्यात ठेवले. बारा दिवसांत पांढरी मुळे आली. त्यांची रोपे झाली, त्यांचेही शेंडे झाले. एकदा नुसते पानच पेल्यात खोचून पाहिले. त्यालाही मुळे फुटली. पण पुढे काही नाही. ना कोंब, ना वाढ, ना मरण. कायम झालेल्या कर्मचाऱ्यासारखे ते पान आपल्या जागी हिरवे बसून राहिले. हिवाळा सरेपर्यंत बाईंकडे बावीस रोपे आणि एक पान झाले. प्रत्येकाला चिठ्ठी होती : तारीख, आणि कोणत्या रोपाचा शेंडा.

त्या इमारतीत शोभेची रोपे बऱ्याच घरांत होती. ऑक्टोबरात जिन्यात असा वास सुटे, की पाहुणे नाक धरत आणि रहिवासी म्हणत, कोणाकडे तरी कोबी शिजतोय. सर्वांत जास्त कोबी तळघरात शिजे, सेडलाचेक यांच्या कोठीत. हे गृहस्थ पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. मात्र बड्या अधिकाऱ्यांना मानाची म्हणून मिळणारी त्यांची ‘हॉफरात’ ही पदवी निवृत्त झालेली नव्हती. जिन्यात सगळे त्यांना त्याच नावाने हाक मारत.

एका सकाळी त्यांनी बाईंना गाठले.

“झावादिलबाई, तुमचा दिवा फार वेळ असतो.”

“अठरा तास. त्याशिवाय फूल थांबत नाही.”

“अहो, कागद कागदाच्या जागी. खिडकी रस्त्यावरून दिसते. उद्या कोणी चौकशीला आलं तर अख्ख्या इमारतीचं नाव जाईल.”

“येऊ दे की, हॉफरातसाहेब. माझ्याकडे एकही फूल नाही.”

“तेच म्हणतोय मी. तुमच्याकडे नाही सापडलं, तर ते दुसरीकडे बघणार नाहीत का?”

त्या रात्रीही बाईंचा दिवा बारालाच विझला. कोणी चौकशीला येण्याआधी हॉफरातांनी स्वतःच पोलिसांत लेखी तक्रार केली, फक्त बाईंच्या घराची.

इन्स्पेक्टर हासलिंगर यांनी तीन तास घर उलथेपालथे केले.

“फुलं कुठं ठेवलीत?”

“आलीच नाहीत.”

“बावीस रोपं, आणि एकालाही फूल नाही?”

“मी सही केली होती.”

चोवीस वर्षांच्या नोकरीत हासलिंगरनी पुष्कळ थापा ऐकल्या होत्या. इतकी बिनधास्त ही पहिलीच. रोपे संशयावरून जप्त झाली. पेल्यातले पान रोप नव्हते कारण वाढत नव्हते, आणि नुसते पान नव्हते कारण मुळे होती. त्याची नोंद ‘इतर’ या सदरात झाली.

“त्यांना अठरा तास उजेड लागतो हो,” बाई दारापर्यंत मागे गेल्या.

“आमच्याकडे दिवे कचेरीच्या वेळात असतात,” हासलिंगर म्हणाले. “साडेसात ते साडेतीन.”

आठ तासांच्या सरकारी उजेडात रोपांनी जे करायचे ते केले. दोन महिन्यांनी बाईंना पत्र आले : ‘आपल्या नावे असलेल्या बावीस रोपांना फुले आल्याचे निदर्शनास आले असून त्यांचे वजन एक किलो चारशे ग्रॅम भरले आहे.’ गुन्हा शाबीत झाल्यास नगरपालिकेचे घर सोडावे लागेल, असे खाली बारीक अक्षरात होते. त्या घरात बाईंची एक्केचाळीस वर्षे गेली होती.

“फुलं तुमच्या कोठडीत आली,” बाई सरकारी वकीलबाईंना म्हणाल्या.

“रोपं तुमच्या नावावर आहेत. मूल पाळणाघरात पडलं म्हणून आई बदलते का?” वकीलबाई स्वभावाने वाईट नव्हत्या. त्यांनी आवाज उतरवला. “असं करा, मी ओढते असं लिहून द्या. व्यसनी माणसाला कायदा सांभाळून घेतो. सहा महिने समुपदेशन, प्रकरण बंद.”

“पण मी ओढत नाही.”

“मग लावलीत कशाला?”

“पानं बघायला.”

वकीलबाईंनी पेन खाली ठेवले. “नुसती पानं बघणाऱ्यासाठी कलम नाही, बाई. तसं म्हणालात, तर विकायलाच लावली होती असं धरतील.”

बाई दोन दिवस घरात येरझाऱ्या घालत होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी तो मजकूर दोनदा वाचला, त्यातले एकही अक्षर खरे नाही याची खात्री करून घेतली, आणि सही केली. घरी येऊन त्या पुष्कळ वेळ कोट न काढताच बसून राहिल्या.

समुपदेशन केंद्रात पहिल्याच तपासणीत लघवी स्वच्छ निघाली. दुसऱ्यांदाही तेच. समुपदेशकाने शेरा मारला : ‘रुग्णा सहकार्य करत नाही.’

“सुधारणा दाखवायची तर आधी काहीतरी बिघडलेलं दिसायला नको का?” तो कळवळून म्हणाला. “असंच चाललं तर मला फाइल सरकारी वकिलांकडे परत पाठवावी लागेल.”

घर वाचवायचे तर बिघडणे भाग होते. बाई तळघरात गेल्या आणि हॉफरातांना म्हणाल्या, “मला थोडा कोबी हवा होता.”

हॉफरातांनी त्यांना खुर्ची दिली, गुंडाळायला शिकवले, ठसका लागला तेव्हा पाठीवर थोपटले, आणि वरून खसखशीचा केक आणून पुढे ठेवला. एक्केचाळीस वर्षांत त्या इमारतीत बाईंना कोणी केक दिलेला नव्हता. तो त्यांना आवडला, आणि आवडला याची नंतर फार लाज वाटली.

पुढच्या तपासणीत दोष सापडला. समुपदेशकाने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “आता उपचार सुरू करता येतील,” तो म्हणाला.

सहा महिन्यांनी बाईंना बरे झाल्याचा दाखला मिळाला. खिडकीत आता दिवा नसतो. जिन्यात सगळे आपणहून बोलतात, आणि गुरुवारी तळघरात त्यांच्यासाठी खुर्ची राखलेली असते. “बाई मनानं पहिल्यापासून चांगल्याच होत्या,” हॉफरात सांगतात. “जरा तऱ्हेवाईक होत्या, एवढंच.”

तुमच्या इमारतीतही असे एखादे माणूस असेलच : लिफ्टमध्ये पाटीवर लिहिलीत तेवढीच माणसे घेणारे, रिकाम्या रस्त्यावर लाल दिव्याला थांबणारे. त्याला तुम्ही काय म्हणता, हे मी विचारत नाही. त्याच्यामागे तुमची गाडी अडली असेल, तर तुम्ही बहुधा हॉफरातांपेक्षा वाईट शब्द वापरला असणार.