कुंडीतली काळी माती

चिवड्याची बशी समोर आली की आमचे शेजारी बिराजदार सर आधी तो पसरतात, बोटाने त्याचे चार भाग करतात आणि समोरासमोरचे दोन भाग परत डब्यात टाकतात. उरलेला कालवून खातात. "वरवरचं खाऊन चिवडा कळत नसतो. शेंगदाणे तळाला बसतात की."

सरांनी जन्मभर कृषी विद्यालयात माती शिकवली; तपासणीसाठी मातीचा नमुनाही असेच चार भाग करून काढतात. निवृत्त होऊन जुळे सोलापुरात आमच्या मजल्यावर राहायला आले, तरी हातची माती काही सुटली नाही.

माझ्या लेकीला टेंभुर्णीचं स्थळ आलं, तेव्हा मुलाच्या मामाकडे चौकशी केल्याचं मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं. सर म्हणाले, "मामा म्हणजे बांध. बांधाजवळची माती तपासायला घ्यायची नसते, ताई. रानाच्या मधली घ्यावी." आणि स्वतः जाऊन तिथल्या गिरणीवाल्याला, न्हाव्याला विचारून आले. "निचरा चांगला आहे. राग साचून राहत नाही. द्या मुलगी." दिली. जावई तसाच निघाला, हे कबूल करणं मला अजून जड जातं.

"काळी माती रानात राणी, कुंडीत वैरीण," हे त्यांचं पालुपद. पाणी धरून बसते, मुळांना हवा मिळत नाही, मुळं कुजतात. माझा मोगरा गेला तेव्हा सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असं बोलले आणि कुंडी उपडी करून लाल माती नि शेणखत भरायला लावलं.

घरात मात्र त्यांचं काही चालत नाही. काकूंना अलीकडे विसर पडतो. कधी कधी त्या सरांनाही ओळखत नाहीत. दिवस कलला की पिशवी भरून दाराशी उभ्या, "मला माहेरी सोडा." माहेर मंगळवेढ्याकडचं. आईवडील गेले, रान भावांनी कधीच विकलं. एकदा त्या एकट्याच निघाल्या आणि एसटी स्टँडवर सापडल्या. तेव्हापासून सर संध्याकाळी घर सोडत नाहीत. रोज त्यांना कसं थोपवायचं, या काळजीनं माणूस पार वाळला.

परवा संध्याकाळी शेंगांची चटणी द्यायला गेले. बाल्कनीत एक रुंद कुंडी, तिच्यात शिगोशीग काळी माती. वरून भेगाळलेली, रोप एकही नाही. मी अशी संधी सोडते होय?

"काय सर, वैरीण घरात?"

"तिच्या माहेरच्या रानातली आहे," सर हळूच म्हणाले. "नव्या मालकाला विचारून आणली. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो. खाली ओल लागली पाहिजे तिला."

तेवढ्यात काकू पिशवी घेऊन आल्या. सर म्हणाले, "चला, सोडतो माहेरी." बाल्कनीच्या दारात त्यांनी पायातल्या चपला काढल्या. रानात शिरताना काढतात तशा.

काकूंनी पिशवी खाली ठेवली आणि भेगेत बोट घातलं. "वरनं वाळलंय. खाली ओल हाय अजून." त्यांचा चेहरा एकदम निवळला. मग सरांकडे वळून, परक्याशी बोलावं तसं म्हणाल्या, "पाव्हणं, लई लांबनं आलाय जणू. जेवून जावा की."



"व्हय, जेवतो की," सर म्हणाले आणि कुंडीशेजारी मांडी घालून बसले. मी चटणीचा डबा त्यांच्यापुढे ठेवला.