स्टेजचा पडदा आणि सतरा चड्ड्या

माझ्या हातात कात्री आली की कापड गुपचूप सरळ कापलं जातं. हे मी नाही म्हणत, बाबा म्हणाले होते. म्हणजे शब्द "बरं कापलंस" एवढेच होते, पण सूर अगदी तोच होता!

नववीत गेल्यापासून माझ्यात एक धडाडी आलेली आहे. पूर्वी मी बाकाखाली बघायचे, आता प्रश्न पुरा व्हायच्या आत हात वर करते. आणि गेल्या महिन्यापासून बाबा मला मशीनवर बसू देतात. बाबा पडदे शिवतात. आमच्या पुढच्या खोलीत मशीन, कापायचं लांबलचक टेबल आणि कापडाचे तागे असतात, आणि उरलेल्या जागेत आम्ही चौघं. ताग्यांना टेकायला जागा कमी पडली तर आम्ही उठतो.

तर झालं असं, शाळेच्या मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, बाबांना स्टेजसाठी नवा पडदा सांगितला. क्रीडादिनाचं बक्षीस वाटप स्टेजवर असतं आणि जुना पडदा इतका विटला होता की त्याचा मूळ रंग कोणता यावर शिक्षकांचे दोन गट होते. हिरवंगार जाड कापड आलं. आमच्या खेळाच्या गणवेशाचा असतो तोच हिरवा, मोठ्या बाईंनी मुद्दाम जुळवून आणलेला. बाबांनी त्याचे आठ लांब तुकडे कापले, आणि नेमकं त्यांना परगावच्या एका हॉटेलचं काम आलं. साठ खिडक्या!

"दोन पडदे करायचेत, मधोमध येऊन मिळणारे," बाबा बॅग भरता भरता म्हणाले. "तुकडे कापून ठेवलेत. सरळ शिलाई मारायची, वर नाडीची पट्टी लावायची. क्रीडादिनाच्या सकाळी मी परस्पर शाळेत येऊन टांगतो. जमेल ना?"

"तुम्ही निश्चिंत जा. उरेल ते कापड माझं ना?"

उरलेलं कापड शिवणाऱ्याचं, हा आमच्या घरचा नियम आहे. माझं दप्तर एका बँक मॅनेजरच्या बैठकीच्या खोलीतलं आहे.

"उरलं तर तुझं," बाबा हसून म्हणाले.

ते का हसले हे तेव्हाच विचारायला हवं होतं. पण हल्ली मी विचारत नाही. हल्ली मला उत्तरं येतात.

आता मुंगीबद्दल सांगते. मुंगी माझी धाकटी बहीण, पहिलीत आहे. तिला मुंगी म्हणतात कारण ती चालत नाही, भिंतीच्या कडेकडेनं सुळसुळ पळते. पाणी प्यायलाही पळत जाते आणि पेला परत ठेवायलाही. क्रीडादिनाला पहिलीची पन्नास मीटरची शर्यत होती आणि महिनाभर ती रोज फाटकापासून विजेच्या खांबापर्यंत पळत होती. बाबांना फोनवर रोज एकच प्रश्न. "तुम्ही मला बघायला येणार ना?"

आणि मग चड्डी आली.

शाळेनं नेमून दिलेल्या दुकानातून आईनं ती पसंतीला आणली होती. हिरवी, चकचकीत, आणि माझ्या एका वितीत मावणारी. आईनं आधी चड्डीकडे बघितलं, मग किमतीच्या चिठ्ठीकडे, मग पुन्हा चड्डीकडे.

"एवढ्या पैशांत तुझ्या बाबांची अख्खी पँट येते," ती म्हणाली. "हिचे पाय दुकानदारानं ठेवून घेतले की काय?"

मुंगी चड्डीच्या बाजूला असलेल्या इवल्याशा खिशात बोट घालून बघत होती. "ही घरूनच घालून जायची?"

"नाही गं. सकाळी प्रार्थनेला रोजच्या गणवेशात उभं राहायचंय. मग वर्गात जाऊन ही घालायची. शाळेच्या चिठ्ठीत लिहिलंय तसं."

मुंगीनं बोट बाहेर काढलं, चड्डीची नीट घडी केली आणि टेबलावर ठेवली. "मग मी नाही धावणार."

पेला ठेवायला पळणारी मुंगी धावणार नव्हती! आई तिच्या तोंडाकडे बघतच राहिली. मला मात्र एका क्षणात सगळा उलगडा झाला. मी उभी राहिले.

"आई, एवढंसं घालून तिनं चारचौघांत धावायचं? लाज वाटते तिला. वय लहान म्हणून काय मनही लहान असतं?" हे शेवटचं वाक्य मी वक्तृत्व स्पर्धेसाठी राखून ठेवलं होतं. पण वेळच तशी होती.

"ताई, चड्डी नाही गं, मला ना..."

"तू बोलूच नकोस. मी आहे ना."

चड्डी दुकानात परत गेली आणि मी टेप घेऊन टेबलापाशी गेले. गणिताच्या प्रात्यक्षिकाला आम्ही शाळेचं स्टेज मोजलं होतं. रुंदी बरोब्बर अठरा फूट. कापडाचा एक तुकडा साडेचार फूट रुंद. साडेचार चोक अठरा. म्हणजे चार तुकडे पुरे. आणि बाबांनी कापले होते आठ!

बिचारे बाबा, मी मनात म्हटलं. साठ खिडक्यांच्या विचारात चुकून दुप्पट कापलं. हे मोठ्या बाईंना कळलं असतं तर केवढी शोभा झाली असती. मी चार तुकड्यांचे दोन पडदे जोडले, वर नाडीची पट्टी लावली, घड्या घालून ठेवले. आणि पाचवा तुकडा टेबलावर अंथरला.

"मुंगे, इकडे ये. हात वर कर."

"हात कशाला? चड्डी आहे ना?"

"मापं घेताना हात वरच करायचे असतात."

"ताई, पण शाळेत ना, मला..."

"हलू नकोस. आकडा विसरते मी."

चड्डी कशी झाली म्हणता? गुडघ्याच्याही खाली चार बोटं. इलॅस्टिक घरात नव्हतं म्हणून कमरेला पडद्याचीच नाडीची पट्टी लावली. नाडी ओढली की भोवताली एकसारख्या चुण्या. मुंगी ती घालून उभी राहिली तर थेट छोट्या खोलीचा मोठा पडदा.

"जड आहे," ती म्हणाली.

"पण झाकलेली आहे."

एवढ्यावर थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण शेजारच्या नर्सकाकू कात्री मागायला आल्या आणि त्यांनी चड्डी पाहिली. त्यांचा गोट्या मुंगीच्याच वर्गात.

"आमच्या गोट्यालाही एक होईल का गं? दुकानातली घ्यायची म्हणजे सहा महिन्यांत तोकडी, आणि पुन्हा तेवढेच पैसे."

मी मनानं उदार आहे. शिवाय कापड फुकटचं. गोट्याची चड्डी शाळेच्या व्हॅनवाल्या काकांनी पाहिली, व्हॅनवाल्या काकांनी पाहिली म्हणजे व्हॅनमधल्या सगळ्या पोरांच्या आयांनी पाहिली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या दाराबाहेर पहिलीतली पोरं हात वर करून रांगेत उभी होती. आईनं एकदा विचारलं, "बाबांना सांगितलंस ना?"

"उरेल ते माझं, असं बाबाच म्हणालेत."

तरी त्या रात्रीच्या जेवणाआधी बाबांचा फोन आला तेव्हा मी काही लपवलं नाही.

"पडदे झाले?"

"झाले. स्टेजच्या अगदी मापात."

"कापड पुरलं ना?"

"पुरून उरलं!"

बाबा खो खो हसले. मीही हसले. दोघं वेगवेगळ्या गोष्टींवर हसत होतो हे फोनवर कळत नाही.

क्रीडादिनापर्यंत सतरा चड्ड्या झाल्या आणि चारही तुकडे संपले.

त्या सकाळी प्रार्थना संपल्यावर बाबा बॅगसकट स्टेजवर हजर. शिडीवर चढले, दांडीत रिंगा घातल्या, पडदे टांगले. "हलके वाटतायत," ते पुटपुटले. दोन्ही पडदे इस्त्री केलेल्या चादरीसारखे सपाट, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी खाली उभी राहून शाबासकीची वाट बघत होते.

"चुण्या पाडल्या नाहीस अजून?" म्हणत बाबांनी नाडी ओढली.

आणि पडदे सर्रकन आकसले! स्टेजच्या दोन टोकांना दोन वेण्या लोंबाव्यात तसे लोंबू लागले. मधलं सगळं स्टेज उघडं पडलं, आणि त्यात बक्षिसांच्या टेबलामागे उकिडवे बसून पाहुण्यांसाठी ठेवलेली बिस्किटं खाणारे शिट्टी सर. हे आमचे खेळाचे सर. गळ्यातली शिट्टी तोंडातून काढलेले सर मी पहिल्यांदाच पाहिले.

बाबा शिडीवरून उतरले. "बाकीचं कापड कुठंय?"

"बाबा, तुम्ही चुकून दुप्पट कापलं होतं. अठरा भागिले साडेचार..."

"पडद्याला चुण्या पडायला कापड दुप्पटच लागतं." बाबा कधी ओरडत नाहीत. तेव्हाही ओरडले नाहीत. "चौदा वर्षं पडदेवाल्याच्या घरात राहतेस. आपल्या खिडकीकडे एकदा तरी बघायचं."

"आपल्या खिडकीला पडदाच नाहीये, बाबा."



तेवढ्यात पहिलीचा वर्ग रांगेनं मैदानावर आला. हिरव्या, जाड, गुडघ्याखाली लोंबणाऱ्या चड्ड्या, कमरेभोवती एकसारख्या चुण्या.

"माझं निम्मं कापड चाललंय ते," बाबा म्हणाले.

मी मोजत होते. पंधरा. पुन्हा मोजले, पंधराच. "बाबा, मुंगी नाही त्यात."

आम्ही पहिलीच्या वर्गाकडे गेलो. दार उघडं, व्हरांड्याच्या बाजूच्या खिडक्या उघड्या, बाहेरून सातवीची मुलं ये-जा करतायत. वर्गात बाकांवर कपडे विखुरलेले. शेवटच्या बाकाखाली मुंगी, मांडीवर दप्तर, दप्तरावर माझी चड्डी. शेजारी नर्सकाकूंचा गोट्या, स्वतःची पँट दोन्ही हातांनी घट्ट धरून.

मी गुडघ्यांवर बसले. "मुंगे, आता काय झालं? केवढी लांब केलीये मी. काही दिसत नाही त्यातून."

"चड्डी नाही गं, ताई." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी किती वेळा सांगत होते. बदलायची कुठे? सगळे बघतात."

"हिचं खरंय," गोट्या बाकाखालून म्हणाला. "बाई म्हणतात तुम्ही छोटे आहात, काय होतं. पण आम्हाला होतं."

सतरा चड्ड्या शिवताना चौतीस पाय मोजले मी. एक वाक्य काही पुरं ऐकलं नाही!

बाबा तसेच मागे वळले. परत आले तेव्हा खांद्यावर दोन्ही पडदे होते. खिडकीच्या गजापासून कपाटाच्या कडीपर्यंत त्यांनी दोरी बांधली, पडद्यांच्या नाड्या सैल केल्या आणि कापड पुन्हा चादरीसारखं सपाट केलं. वर्गाचा एक कोपरा झाकला गेला. अगदी मापात.

"जा," बाबा म्हणाले. "मी इकडे तोंड करून उभा आहे. कोणी येणार नाही."

मुंगी आत गेली. पडदा थोडा हलला, एक कोपर दिसलं आणि नाहीसं झालं. मग मुंगी बाहेर आली आणि गोट्या आत गेला.

मोठ्या बाई आल्या त्या थेट बाबांवर. "अहो, पडदेवाले, स्टेज उघडं पडलंय. पाहुणे दारात आहेत आणि तुम्ही पडदा काढून..." पुढचं त्यांच्या तोंडातच राहिलं. दुसरीची पोरं कपडे छातीशी धरून पडद्यासमोर आपणहून रांगेत उभी होती. कोणी बोलावलं नव्हतं त्यांना. एक चिमुरडी कापडावर टकटक करून विचारत होती, "आत कोण आहे? झालं का तुझं?"

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"कापड मी भरून देईन, बाई," बाबा म्हणाले. "चूक आमच्या घरची आहे."

"द्या. स्टेजला पडदा हवाच आहे मला." त्या जायला वळल्या आणि थांबल्या. "हा मात्र इथून काढू नका."

त्या वर्षी बक्षीस वाटप उघड्या स्टेजवर झालं. पण ते नंतर. आधी शर्यत.

शिट्टी वाजली आणि मुंगी सुटली. ते जाड कापड तिच्या पायांत फटाफट आपटत होतं, चुण्या मिटत होत्या, उघडत होत्या, आणि मध्येच एका हातानं ती नाडी सावरत होती. मुंगी पाचवी आली. पण दोरीपाशी ती थांबलीच नाही. तशीच पळत राहिली आणि मैदानाच्या कडेला बाबांच्या पोटावर जाऊन आदळली.

"पाहिलंत?"

"पाहिलं," बाबा म्हणाले.

घरी परतताना बाबांनी हिशेब सांगितला. स्टेजच्या कापडाचा भाव धरला तर माझी एक चड्डी दुकानातल्या दोन चड्ड्यांएवढी पडली होती. शर्यत बघायला आलेल्या आईनं माझ्याकडे बघितलं नाही, हा तिचा मोठेपणा. नवे चार तुकडे मीच शिवायचे ठरले, सुट्टीत, आणि त्यातलं उरेल ते बाबांचं.

मुंगी माझा हात धरून चालत होती. हो, चालत. चड्डीच तेवढी जड होती. मी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो प्रश्न विचारला.

"मुंगे, पुढच्या वर्षी तुला कशी चड्डी हवी?"

ती विचारात पडली. मी गप्प राहिले. विजेचा खांब गेला, फाटक आलं, तरी गप्प राहिले. फार अवघड असतं हे!

"दुकानातलीसारखी," मुंगी म्हणाली. "तिला खिसा होता."