मोकळ्या तारांचे नाना

आखाडा बाळापूरच्या एका लग्नात अक्षता वाटून झाल्या होत्या, भटजी घसा खाकरत होते आणि मांडवातल्या ग्रामोफोनवर शेवटची रेकॉर्ड वाजत होती. तेवढ्यात आमचे नाना कानामागे हात धरून ओरडले, "उतरवलीय! वरची उतरवलीय! मूळची अशी न्हाई ती!"

मांडव गार पडला. नवरीच्या आईनं आधी नवरीची नथ चाचपली, मग गळा. नवरीचा बाप हात जोडत पुढं आला.

"नाना, काय उतरवलं? कुनी उतरवलं? काय कमी असंल ते सांगा."

"तुमचं न्हाई हो!" नाना वैतागले. "गिटारीची तार! वरची तार उतरवून वाजवून राहिला हा गडी. परत लावा बरं ती रेकॉर्ड."

मुहूर्त टळायच्या आत दोघांनी त्यांना दंडाला धरून मागं नेलं. त्यातला एक मी.

नाना आणि मी हिंगोलीच्या अदालतीत कारकून. घरंही भिंतीला भिंत लागून. तरुणपणी नाना खात्याच्या परीक्षेला सिकंदराबादला गेले होते. तिथं एका थेटरात हवाई बेटांवरच्या वादकांचा कार्यक्रम त्यांनी ऐकला. गिटार मांडीवर आडवी ठेवायची, तारांवरून पोलादी कांडी फिरवायची आणि सूर लोण्यासारखा घसरत न्यायचा. नाना परीक्षेत नापास झाले. येताना गिटार घेऊन आले. त्यांच्या पत्नी, माई, म्हणायच्या, "पास झाले असते तर हत्तीच आणला असता."

वाजवणं नानांना कधी जमलं नाही. सकाळी अदालतीला जायच्या आधी ते बसायचे, तेव्हा आमची गाय दूध चोरायची. कान मात्र त्यांना देवानं वेगळा दिला होता. या गिटारीच्या सहा तारा जो तो आपल्या मनासारख्या लावतो. कुणी सा-ग-प, सा-ग-प अशी साधी जोडी लावतो, कुणी मधे धैवत घालतो. रेकॉर्ड ऐकून त्या तारा कशा लावल्यात ते सांगायचं, हा नानांचा नाद. गाणं चांगलं की वाईट, याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. "धून म्हंजे अंगरखा," ते म्हणायचे. "मला आतला मानूस पाहू द्या."

धुनांची खरी नावं त्या बेटांवरच्या भाषेत. ती त्यांच्या जिभेवर बसेनात, म्हणून नानांनी स्वतः बारसं केलं. एक 'शेजारीण रुसली', एक 'जवळा बाजारचा धुरळा'. सगळ्यांत लाडकी, आमच्या नदीच्या नावानं, 'कयाधूची वाळू'.

या छंदात त्यांना तोलामोलाचा माणूस एकच भेटला. घड्याळं दुरुस्त करणारे कादरमियाँ. पुढं दुकान, मागं घर. दुकानात रेकॉर्डीही असायच्या. अदालत सुटली की नाना तिथं. मियाँ डोळ्याला भिंग लावून काम करायचे आणि भिंग न काढताच भांडायचे. 'कयाधूची वाळू'वरून तर त्यांचं कित्येक वर्षं चालू होतं.

"धैवत हाय तिच्यात, मियाँ. शेवटचा हात ऐका, सगळ्या तारांवरून फिरवलाय त्यानं."

"नक्को नाना. सीधी जोडी है. तुम्हारे कान में धैवत घुसा है."

"माझ्या कानाला काहून नावं ठेवता?"

"फिर किसको रखूँ? कान तुम्हारा, रेकॉर्ड मेरी."

एकदा नाना रागानं आठवडाभर तिकडं फिरकले नाहीत. मग मियाँच आमच्या दारात आले. "नाना को भेजो जी. दुकान में आवाजच नहीं."

अठ्ठेचाळीस साल उजाडलं. रझाकारांच्या धास्तीनं कितीतरी कुटुंबं निजामाची सरहद्द ओलांडून वाशीमकडं निघाली, त्यांत आम्हीही. बैलगाडीत जागा नव्हती. माई म्हणाल्या, "पिठाचा डबा बसंल, न्हाईतर हे लाकूड." नानांनी गिटार उचलली आणि मियाँच्या दुकानात नेली.

"मियाँ, तारा ढिल्या करून ठेवा. ताणलेल्या राहिल्या तर मान वाकती तिची."

"बेफिकर जाओ," मियाँ म्हणाले. त्या दिवशी ते भिंग काढून बोलले.

निजामाचं राज्य गेलं आणि आम्ही परतलो. आता भ्यायची पाळी दुसऱ्यांची होती. मियाँनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं, पण त्यांच्या दुकानाच्या फळ्या लागलेल्या. नाना दोनदा जाऊन आले. दाराआडून बाईमाणसाचा आवाज यायचा, "घर में नहीं हैं." नाना परत येऊन ओसरीवर बसायचे, जेवायचे नाहीत. मला वाटलं, गिटारीसाठी जीव तुटतोय.

एका दुपारी त्यांनी कोट घातला, टोपी घातली आणि मला म्हणाले, "बापू, चल." मियाँच्या दारासमोर, भर गल्लीत ते उभे राहिले आणि मोठ्यानं 'कयाधूची वाळू' म्हणायला लागले. नानांचा आवाज म्हणजे न वंगणलेला रहाट. खिडक्या उघडल्या. एक कुत्रं उठून लांब जाऊन बसलं. कुणीतरी हसलं. नाना थांबले नाहीत. धून संपवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडले,

"मियाँ! तुमचंच बराबर होतं! धैवत न्हाई तिच्यात!"

मग दारामागून, घोगरा झालेला, ओळखीचा आवाज आला.

"पहलेच बोला था मैं. सुनते किधर तुम."

कडी निघाली. मियाँची दाढी वाढली होती, सदरा खांद्यावर लोंबत होता. त्यांनी आतून गिटार आणून पुढं केली. तारा ढिल्या होत्या, लाकूड पुसलेलं होतं. नानांनी ती घेतली नाही.

"इथंच राहू द्या," ते म्हणाले. "दार बी उघडंच राहू द्या. वारा येऊ द्या जरा." आणि उंबऱ्यातच बसकण मारली.

त्या धुनेत धैवत होताच. इतक्या वर्षांत तो मलासुद्धा ऐकू यायला लागला होता.

मग अदालत सुटली की नाना रोज त्या उघड्या दारात बसून गिटार वाजवायचे; तसंच वाईट, पण जोरात. येणारे-जाणारे बघायचे, काहीजण तोंड फिरवून जायचे. नाना त्यांना नावानं हाक मारून रामराम घालायचे. पुढं एका बाजाराच्या दिवशी सेनगावकडचा एक शेतकरी बंद पडलेलं घड्याळ रुमालात गुंडाळून आला आणि दाराशी घुटमळला. नानांनी गिटार छातीशी धरली, उंबऱ्यावरून थोडं सरकले आणि त्याला आत जायला वाट करून दिली.